बॅनकबर्नला जायचंय? आधी टेकाडावर उभे राहा

स्कॉटलंड बघायला आलेली आपली माणसं एडिनबराचा किल्ला, लॉक नेस आणि हायलँड्सची एखादी बस टूर उरकतात आणि परत जातात. स्टर्लिंग वाटेतच लागतं, पण तिथे उतरायचं कुणाच्या यादीत नसतं. मी ग्लासगोला राहते, आणि सातारहून आलेल्या आई-बाबांना घेऊन बॅनकबर्नला जाऊन आले. बाबा निवृत्त शिक्षक, गडकोटांचे वेडे. त्या एका दिवसात आम्ही ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

बॅनकबर्न म्हणजे स्टर्लिंग शहराच्या दक्षिणेला साधारण तीन किलोमीटरवरचं रणांगण. तिथे नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेचं केंद्र आहे. लढाईला सातशे वर्षं झाली तेव्हा, २०१४ साली, जुनी इमारत पाडून ते नव्याने बांधलं. काचेच्या कपाटात गंजलेली तलवार आणि खाली पाटी, असला प्रकार इथे नाही. थ्री-डी चष्मा लावून तुम्हाला लढाईच्या मधोमध उभं करतात आणि नंतर तुमच्याच हाती एक तुकडी देतात.

जाण्याआधी: गोष्ट ट्रेनमध्येच सांगून टाका

ही पायरी बहुतेक जण गाळतात. आत गेल्यावर अंधार असतो, आवाज असतो, आणि पडद्यावरची माणसं तुम्हाला पार्श्वभूमी ठाऊक आहे असं धरून चालतात. शिवाय आई-वडिलांना स्कॉटिश इंग्रजी निम्मंच कळतं. (निम्मं मलाही दोन वर्षांनी कळायला लागलं.) तेव्हा ही गोष्ट घरूनच घेऊन निघा.

फोर्थ नदी ओलांडून उत्तरेकडे जायचं तर स्टर्लिंग हा नाक्याचा किल्ला. १३१४ साली तो इंग्रजांच्या ताब्यात होता, किल्लेदार फिलिप मोब्रे. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस, आणि त्याचा भाऊ एडवर्ड ब्रूस किल्ल्याला वेढा घालून बसलेला. वेढ्याचा कंटाळा आल्यावर या भावाने किल्लेदाराशी परस्पर करार करून टाकला: २४ जूनपर्यंत इंग्लंडहून कुमक आली नाही, तर किल्ला स्कॉटांच्या हवाली करायचा. ब्रूस इतकी वर्षं उघड्या मैदानावरची लढाई टाळत आला होता. भावाच्या या उद्योगाने त्याला ती लढावी लागली, कारण आता इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड मोठं सैन्य घेऊन येणार हे ठरलंच.

इथे मराठी माणसाच्या मनात तुलना येतेच, तर ती नीट करा. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ब्रूसचा भाचा थॉमस रँडॉल्फ याने एडिनबराचा किल्ला रात्री कडा चढून घेतला. सोबत तीसेक माणसं, आणि वाट दाखवणारा पूर्वी त्याच किल्ल्यावर राहिलेला. गावातल्या मुलीला भेटायला तो तरुणपणी रात्री त्या कड्यावरून उतरायचा, असं जुन्या काव्यात आहे. हे सांगितल्यावर बाबा ट्रेनमध्ये सरसावून बसले, “म्हणजे आपला कोंढाणाच!” पण पुढचं ऐकून त्यांचा चेहरा पडला. ब्रूस घेतलेले किल्ले पाडून टाकायचा. ठेवायला शिबंदी नाही, आणि ठेवले तर इंग्रज पुन्हा त्यात येऊन बसणार. महाराजांनी किल्ले बांधून राज्य उभं केलं, याने पाडून राखलं. बाबांना हे अजून पटलेलं नाही.

आणखी एक. विल्यम वॉलेस, म्हणजे ब्रूसच्या आधी इंग्रजांशी लढलेला स्कॉट वीर, या लढाईत नव्हता. नऊ वर्षं आधी, १३०५ साली, त्याला लंडनमध्ये मारलं होतं. एका गाजलेल्या हॉलिवूडपटाने सगळ्यांच्या डोक्यात दोघांची सरमिसळ करून ठेवली आहे.

तिकीट आणि पोचणं

स्कॉटलंडसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, यूकेचाच चालतो. आई-वडिलांकडे तो असेल तर हा प्रश्न संपला.

तिकीट ट्रस्टच्या संकेतस्थळावर आधी काढा, आणि ते वेळेचं असतं हे लक्षात ठेवा. लढाईचा खेळ ठरावीक वेळेला सुरू होतो आणि जागा मोजक्या असतात. हंगामाप्रमाणे वेळा आणि कार्यक्रम बदलतात, म्हणून आदल्या रात्री पुन्हा एकदा बघून घ्या. आम्ही साडेअकराचं काढलं आणि बस चुकली. काउंटरवरच्या बाईंनी हसून पुढच्या वेळेत बसवलं, पण ती मेहेरबानी होती, आणि शाळेच्या सुट्टीत ती मिळेलच असं नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या पुष्कळ मराठी कुटुंबांकडे तिकडच्या नॅशनल ट्रस्टचं सभासदत्व असतं. ते स्कॉटलंडच्या ट्रस्टच्या जागांवरही चालतं, कार्ड घरी विसरू नका. मात्र ते घेऊन स्टर्लिंगच्या किल्ल्यावर जाऊ नका. किल्ला हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या दुसऱ्याच संस्थेकडे आहे आणि तिचं तिकीट वेगळं. पलीकडच्या टेकडीवरच्या वॉलेस स्मारकाचं तिसरं. एका गावात तीन दारं आणि तीन तिकिटं.

ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून स्टर्लिंग अर्ध्या-पाऊण तासात, एडिनबराहून पाऊण-एक तासात येतं. स्टेशनजवळच बस मिळतात. ड्रायव्हरला “बॅनकबर्न” एवढंच सांगितलं तर तो त्या नावाच्या गावात सोडेल, आणि केंद्र गावापासून लांब आहे. “बॅनकबर्न व्हिजिटर सेंटर” असं पूर्ण सांगा. आमची बस चुकली नव्हती खरं तर, आम्हीच चुकीच्या बसमध्ये बसलो होतो.

कपड्यांचं थोडक्यात: टोपीचं रेनकोट-जॅकेट घ्या, छत्री नको. त्या उघड्या टेकाडावर वारा असा सुटतो की छत्री पहिल्या पाच मिनिटांत उलटी होते. बूट चिखलात खराब झाले तरी हळहळ वाटणार नाही असे घाला. का, ते शेवटी येईल.

पोचल्यावर आत जाऊ नका

दार समोर दिसतं, आत कॅफेचा वास येतो, आणि पावलं तिकडे वळतात. थांबा. तुमच्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचा आणि इमारत सोडून बाहेरच्या टेकाडावर जा. आम्ही हे शेवटी केलं, त्यामुळे आतलं निम्मं आमच्या डोक्यावरून गेलं.

टेकाडावर एक गोलाकार स्मारक आहे, उंच ध्वजस्तंभ आहे, आणि स्मारकाच्या वरच्या गोल पट्टीवर आधुनिक कविता कोरलेली आहे. तिथे उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. कड्यावरचा स्टर्लिंगचा किल्ला थेट दिसतो. हे अंतर डोळ्यांत भरून घ्या. राजा एडवर्डच्या सैन्याला फक्त तिथपर्यंत पोचायचं होतं. मैलोन् मैल चालून आलेल्या माणसांना मुक्काम समोर दिसत होता, आणि मधे ब्रूस उभा होता.

आता उजवीकडे, म्हणजे पूर्वेला, खाली बघा. आज तिथे घरं, रस्ते आणि शेतं आहेत. तेव्हा तिकडे ओढ्यांनी चिरलेली, दलदलीची सपाट जमीन होती. स्थानिक भाषेत अशा जमिनीला ‘कार्स’ म्हणतात. आणि ‘बर्न’ म्हणजे ओढा. बॅनक नावाची एक जाड ओटची भाकरीही इथे मिळते, त्यामुळे आईने लगेच ‘भाकरीचा ओढा’ असं बारसं करून टाकलं. नावाचा आणि भाकरीचा संबंध नाही, पण आमच्या घरात आता तेच नाव रूढ आहे.

हेही ओळखून असा: तुम्ही उभे आहात ती परंपरेने ब्रूसचा झेंडा रोवल्याची जागा. दुसऱ्या दिवशीची मुख्य लढाई नेमकी कुठे झाली यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे, पण ती इथून पूर्वेला, खालच्या अंगाला झाली असं बहुतेक मानतात. म्हणजे ‘याच मातीत रक्त सांडलं’ असं म्हणून माती कपाळाला लावायची असेल तर जरा बेतानं.

पुढे घोड्यावर बसलेला ब्रूसचा ब्राँझ पुतळा आहे. पिलकिंग्टन जॅक्सन या शिल्पकाराचा, १९६४ साली राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. चेहरा ब्रूसच्या कवटीच्या साच्यावरून मोजमापं घेऊन घडवलेला आहे. फोटो इथे काढून घ्या, पाऊस कधीही येतो. खिशात क्लाइड्सडेल बँकेची वीस पौंडांची नोट असेल तर ती काढून पोरांना दाखवा, तिच्यावरही हाच राजा आहे.

आत: चष्म्यावर चष्मा

पहिलं दालन अंधारं असतं. दारात थ्री-डी चष्मा देतात. नंबरचा चष्मा असेल तर त्यावरच हा चढवावा लागतो आणि नाकावरून घसरत राहतो. बाबांनी शेवटी एका हाताने धरून ठेवला. चक्कर येणाऱ्यांनी भिंतीकडेला उभं राहावं, कारण दोन्ही बाजूंच्या मोठ्या पडद्यांवर घोडदळ धावतं, बाण अंगावर आल्यासारखे वाटतात, आणि मधे तुम्ही. आईने चक्क खाली वाकून बाण चुकवला. नंतर ती इकडेतिकडे बघत होती, कुणी पाहिलं तर नाही ना.

बाजूला माणसाच्या उंचीचे पडदे आहेत आणि त्यांत त्या काळातली पात्रं उभी असतात: तिरंदाज, सरदार, साधी माणसं. समोर उभं राहून हात वर केला की पात्र बोलायला लागतं. आम्ही गेलो तेव्हा एका पडद्यासमोर बाबा भाषणाला उठल्यासारखा हात करून बराच वेळ उभे होते आणि पात्र काही बोलेना. हात हळू, खांद्याच्या वर न्यायचा आणि थोडं मागे उभं राहायचं, ही युक्ती शेजारच्या सहा-सात वर्षांच्या मुलाने शिकवली.

इथे एक शब्द पुन्हा पुन्हा कानावर येईल: ‘शिल्ट्रन’. लांब भाले घेतलेल्या पायदळाची दाट फळी. भाले चहूबाजूंना रोखलेले, साळिंदरासारखे. घोडा त्यावर चालून जायला तयार होत नाही. पूर्वी वॉलेसने हीच रचना वापरली होती, पण ती एका जागी उभी राहिली आणि तिरंदाजांनी टिपली. ब्रूसने आपल्या शिल्ट्रनना चालायला शिकवलं, फळी न मोडता पुढे सरकायला. एवढं समजलं की पुढचा खेळ समजतो.

खेळ: तुमच्या हाती सैन्य

ही या केंद्राची खरी मजा. मोठ्या गोल मेजावर बॅनकबर्नच्या भूभागाचा उठावदार नकाशा असतो. टेकाड, जंगल, ओढे सगळं, आणि वरून त्यावर चित्रं पडतात. भोवती तुम्ही उभे. अर्धे स्कॉट, अर्धे इंग्रज. प्रत्येकाच्या वाट्याला एक तुकडी. खेळ चालवणाऱ्याला बॅटलमास्टर म्हणतात. तो जमिनीची ओळख करून देतो, मग एकेकाला विचारतो, तुमची माणसं कुठे नेता?

बाजू वाटताना लाजू नका. मराठी माणसाला स्कॉट व्हायचं असतं, आणि ती बाजू लगेच भरते. पण इंग्रज मिळाले तर जास्त शिकायला मिळतं, असं माझं मत आहे. बाबांच्या वाट्याला इंग्रज तिरंदाज आले. ते नाराज. “मी काय इंग्रजांच्या बाजूने लढू?” बॅटलमास्टरला काय चाललंय ते कळलं असावं, तो हसून म्हणाला, की स्कॉटलंडमध्ये ही तक्रार त्याला रोज ऐकावी लागते.

मग बाबांनी चूक केली. तिरंदाज मोकळ्या जागेत, उजव्या बगलेला, एकटेच पुढे नेले. खरं तर डाव बरा होता, तिथून स्कॉट भालेकरी टप्प्यात येत होते. पण त्यांच्या राखणीला एकही स्वार नव्हता. समोर उभ्या असलेल्या एका शाळकरी मुलीने आपलं छोटंसं घोडदळ थेट बाबांवर सोडलं. तिरंदाज संपले. बॅटलमास्टरने मग सांगितलं, १३१४ साली जवळपास हेच झालं होतं: सर रॉबर्ट कीथच्या पाचएकशे हलक्या स्वारांनी इंग्रज तिरंदाज उधळून लावले. बाबा त्या मुलीकडे बघून म्हणाले, “शाब्बास.” मराठीत. तिला कळलं.

आमच्या खेळात शेवटी स्कॉटच जिंकले. नेहमी असं होत नाही, कधी इंग्रजही जिंकतात, आणि मग बॅटलमास्टर खरी लढाई कशी झाली ते दाखवतो. तो भाग लक्ष देऊन बघा, कारण टेकाडावरून पाहिलेली जमीन आता बोलायला लागते.

पहिला दिवस, २३ जून. ब्रूसने वाटेवर खड्डे खणून वर काटक्या-गवत टाकून ठेवलं होतं, म्हणजे घोडदळाला पसरायला जागाच नको. हेन्री डी बोहून नावाचा तरुण इंग्रज सरदार ब्रूसला एकटा पाहून भाला रोखून धावला. ब्रूस साध्या लहान घोड्यावर होता. ऐनवेळी त्याने घोडा बाजूला घेतला आणि कुऱ्हाडीच्या एका घावात शिरस्त्राणासकट डोकं फोडलं. सरदारांनी राजाला रागे भरलं, एवढा धोका कशाला? तो म्हणाला, माझी चांगली कुऱ्हाड मोडली. निदान कवी जॉन बार्बरने तसं लिहून ठेवलं आहे, आणि त्याने ते साठएक वर्षांनी लिहिलं.

त्या रात्री इंग्रजांनी ओढा ओलांडला आणि खालच्या ओल्या जमिनीवर तळ ठोकला. पाठीला ओढा, बाजूंना दलदल. सकाळी ब्रूसचे शिल्ट्रन जंगलातून खाली उतरले, आणि मोठं सैन्य त्या चिंचोळ्या पट्ट्यात एकमेकांवर आदळत चेंगरलं. पुढच्यांना लढायला जागा नाही, मागच्यांना पुढे यायला वाट नाही. ग्लॉस्टरचा तरुण अर्ल, म्हणजे इंग्रजांचा एक मोठा सरदार, पडला. एडवर्ड किल्ल्याच्या दाराशी पळाला, तर मोब्रेने सांगितलं, किल्ला आता ब्रूसकडे जाणार, आत आलात तर कैद व्हाल. राजा तसाच डनबारला गेला आणि तिथून होडीने निसटला.

माझी सगळ्यांत आवडती गोष्ट केंद्राबाहेरची आहे. एडवर्डने विजयाचं काव्य लिहायला रॉबर्ट बॅस्टन नावाचा एक भिक्षू कवी सोबत आणला होता. तो स्कॉटांच्या हाती लागला आणि सुटकेची किंमत म्हणून त्याच्याकडून स्कॉटांच्या विजयाचं काव्य लिहवून घेतलं, असं सांगतात. पगार एकाचा, पोवाडा दुसऱ्याचा.

लहान मुलांबद्दल: पाच वर्षांखालचं पोर खेळात रमत नाही आणि अंधारात घाबरतं. एकाने मुलाला घेऊन बाहेर पुतळ्याशी खेळवावं, दुसऱ्याने खेळावं. वयाची अट तिकीट काढताना बघा.

पोटापाण्याचं

कॅफेत सूप, स्कोन, सँडविच, चहा मिळतो. सूप शाकाहारी आहे का ते विचारून घ्या, दिसायला भाजीचं असलं तरी कधी कधी त्यात मांसाचं पाणी असतं. आम्ही थेपले आणि लोणचं नेलं होतं आणि बाहेरच्या बाकावर खाल्लं. स्कोन मात्र खा.

उरलेला दिवस

किल्ला, वॉलेस स्मारक आणि बॅनकबर्न एका दिवसात बसवायचा मोह टाळा. वॉलेस स्मारकाला २४६ पायऱ्या आहेत, अरुंद आणि गोल. किल्ल्याकडे जाणारा रस्ताही चढाचा आणि दगडी. वडीलधारी सोबत असतील तर बॅनकबर्न आणि किल्ला एवढंच ठेवा, आणि किल्ल्याच्या तटावरून मागे वळून हेच टेकाड शोधा. जूनमध्ये आलात तर रात्री दहापर्यंत उजेड असतो, घाई करायचं कारण नाही.

पण त्याआधी वेळ असेल तर बॅनकबर्न गावाकडे चालत जा आणि खरा ओढा बघा. बाबांनी तो हट्टच धरला होता. पुलावरून खाली बघून ते म्हणाले, “एवढाच? हा तर मी उडी मारून ओलांडीन.” बार्बर लिहितो की पळणारी माणसं आणि घोडे पडून हा ओढा इतका भरला होता की लोक पाय न भिजवता पलीकडे गेले. बाबांना ते खोटं वाटलं. म्हणून ते कडेच्या वाटेने काठावर उतरले. काठ उभा, वर गवत, खाली काळी भुसभुशीत माती. दुसऱ्या पावलाला उजवा पाय घोट्यापर्यंत गेला, आणि पाय वर आला तेव्हा बूट आतच राहिला होता.

बूट मी काढला, आईने तो थेपल्यांच्या पिशवीत घातला. परतीच्या बसमध्ये बाबा एक मोजा आणि एक बूट घालून खिडकीशी बसले होते, आणि किल्ला दिसेनासा होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आणि अंगावर चिलखत.”